शेगडीची ज्योत निळी आहे ना?



घरातील कोणती वस्तू रोज सर्वांत जास्त वेळा हाताळली जाते, असा प्रश्न आम्ही आमच्या वस्तीतील एका बैठकीत विचारला. कुणी टीव्ही म्हणाले, कुणी मोबाइल म्हणाले, एका तरुणाने पंखा म्हटले. गॅसची शेगडी हे उत्तर आले ते फक्त भगिनी बसल्या होत्या त्या बाजूने. पुरुष मंडळींना शेगडी आठवली नाही. पहाटेच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत जिच्यावर घर चालते ती शेगडी आठवली नाही, यात आम्हाला नवल वाटले नाही. कारण वर्षभरापूर्वी आम्हालाही ती आठवली नसती.

टीव्ही बंद पडला तर आपण त्याच संध्याकाळी कारागीर शोधतो. मोटारसायकलचे ऑइल केव्हा बदलले, हे आपल्याला तोंडपाठ असते. शेगडीची दुरुस्ती आणि सफाई मात्र आपल्या हिशेबातच नसते. पेटते आहे ना? मग झाले! "पेटते आहे ना, मग झाले" या एका वाक्यापायी आमच्या घरावर काय वेळ येणार होती आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते आज सांगावयाचे आहे.

पिनेचे दिवस

आमचे बालपण रॉकेलच्या स्टोव्हसमोर गेले. रेशनच्या दुकानापुढे डबा घेऊन रांगेत उभे राहण्याचे काम आमच्याकडे असे. पितळेचा तो पंपाचा स्टोव्ह रुसला की आई पत्र्याच्या पट्टीला बारीक तार लावलेली पिन काढी, निपलमध्ये हलक्या हाताने फिरवी, दोन पंप मारी आणि मग निळी ज्योत फरफर करीत वर येई. रविवारी स्टोव्ह राखेने घासून लख्ख होई. निपल साफ नसेल तर भडका उडतो, हे त्या काळच्या प्रत्येक घराला ठाऊक होते. ज्यांच्या शेजारीपाजारी स्टोव्हच्या भडक्याने माणूस गेले, त्यांना ते अधिकच ठाऊक होते.

पुढे गॅस आला. नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून आला. ज्या दिवशी सिलिंडर घरी आला त्या दिवशी आईने शेजारणींना चहाला बोलावले होते. पंप नको, पिन नको, धूर नको! पण पिनेबरोबर एक चांगली सवयही घरातून निघून गेली, ती म्हणजे आगीच्या साधनाची दर आठवड्याला विचारपूस करण्याची सवय. गॅसची शेगडी मुकाट्याने काम करते, म्हणून आपण समजलो की तिला काही लागत नाही.

आमच्याच घरातील गोष्ट

गेल्या वर्षी आमच्या वस्तीत "गॅस रिपेअर, शेगडी रिपेअर" अशी हाळी देत एक जण आला. त्याने आमच्या दारात थांबून सांगितले, "वहिनी, ज्योत बारीक आहे, मोठी करून देतो." शेगडी उलटी केली, काहीतरी कोरले, परत लावली. खरोखरच ज्योत मोठी झाली. पैसे घेऊन तो गेला आणि आम्हालाही वाटले की काम चांगले झाले.

महिन्याभराने मुलांची आई म्हणाली, "अहो, हल्ली पातेली खालून काळी होतात. ज्योत पिवळी दिसते." आम्ही म्हणालो, बघू. पुढच्या महिन्यात ती पुन्हा म्हणाली, भांडी घासायला अर्धा तास जास्त लागतो. आम्ही म्हणालो, सिलिंडरमध्येच काही भेसळ असेल, सगळीकडे हेच चालले आहे! तिसऱ्या वेळी ती काही बोललीच नाही. मुकाट्याने तारेच्या घासणीने पातेली घासत राहिली. हे आम्ही स्वतःच्या लाजेपोटी लिहीत आहोत. समाजाच्या कामासाठी संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या माणसाने घरातील माणसाचे साधे बोलणे तीन वेळा ऐकून न ऐकल्यासारखे केले.

आणि मग एका शनिवारी रात्री, अकराच्या पुढे, आम्ही एका बैठकीहून घरी आलो. घरात सगळे निजलेले, दिवा बंद. दार उघडताच कुबट, सडक्या कांद्यासारखा वास आला. हात सवयीने भिंतीवरील बटणाकडे गेला. एवढ्यात नववीत शिकणारी आमची मुलगी दाराच्या आवाजाने जागी झाली, तिलाही वास आला आणि ती अंथरुणातून ओरडली, "बाबा, लाइट लावू नका! गॅसचा वास आहे!" शाळेत सुरक्षिततेच्या तासाला हे शिकवले होते. हात जागच्या जागी थांबला.

तेथून पुढचे तिनेच सांगितले आणि आम्ही केले. अंधारातच चाचपडत रेग्युलेटरची कळ बंद केली, दार-खिडकी सताड उघडली, सगळ्यांना गॅलरीत काढले, शेजारच्या खोल्यांना बटणे दाबू नका आणि काडी ओढू नका असे सांगितले. खाली रस्त्यावर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन केला. काही वेळाने गॅसचा कारागीर आला. तरुण मुलगा होता. बॅटरीच्या उजेडात त्याने ओट्यामागची नळी ओढून काढली. शेगडीकडच्या टोकाला ती तडकलेली होती आणि एका ठिकाणी उंदराने कुरतडलेली होती.

"काका, ही नळी किती वर्षांची?" त्याने विचारले.

आम्ही गप्प. ऑफिसात आवक-जावक नोंदवही आम्ही सांभाळतो. कोणते पत्र कोणत्या तारखेला आले ते एका मिनिटात काढून देतो. पण ज्या नळीवर आमची मुले-माणसे रोज निजत होती तिची तारीख आमच्याजवळ नव्हती.

मग त्याने शेगडी उलटी केली, जेट दाखवला आणि म्हणाला, "हे भोक कुणी मोठे केले? काकू बरोबर बोलत असतील, भांडी काळी होतच असणार." मुलांची आई काही बोलली नाही. तिने फक्त आमच्याकडे पाहिले.

ज्योत काय सांगते

त्या मुलाने आम्हाला जे समजावले ते नंतर आम्ही वाचूनही पाहिले. ते साध्या भाषेत असे आहे.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन हे वायू दाबाने द्रवरूपात भरलेले असतात. रेग्युलेटर तो दाब कमी करतो. नळीतून गॅस शेगडीत येतो आणि जेट नावाच्या पितळी तुकड्यातील छिद्रातून जोराने बाहेर पडतो. हे छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. त्या जोरामुळेच बाजूची हवा आत ओढली जाते, बर्नरखालच्या नळकांड्यात गॅस आणि हवा मिसळतात आणि ते मिश्रण बर्नरच्या छिद्रांपाशी जळते. हवा पुरेशी मिसळली की ज्योत निळी, आखूड आणि स्थिर असते. हवा कमी पडली की ती लांबट, पिवळी, लवलवती होते, काजळी धरते.

हवा कमी का पडते? तीन मुख्य कारणे. पहिले, उतू गेलेले दूध, पेज, तेल यांनी बर्नरची छिद्रे बुजतात. दुसरे, बर्नरखालच्या नळकांड्याच्या तोंडाशी धूळ, तेलकट मळ, कोळिष्टक किंवा झुरळ अडकते. तिसरे, आमच्यासारखे कुणीतरी जेटचे भोक मोठे करून घेते. मग गॅस जास्त येतो, पण त्या मानाने हवा येत नाही. ज्योत मोठी दिसते आणि आपण फसतो. मोठी ज्योत म्हणजे चांगली ज्योत नव्हे. पातेल्याच्या बुडाबाहेर लवलवणारी ज्योत भिंत तापवते, अन्न शिजवीत नाही.

पिवळ्या ज्योतीचा आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवते, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते. बंद न्हाणीघरात गॅसच्या गीझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतो, त्या याच वायूच्या. एकच खोली, थंडीमुळे बंद केलेली खिडकी आणि पिवळी ज्योत हे त्रिकूट आपल्या वस्तीत नवे नाही. म्हणून स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडी हवीच.

ज्योतीची इतर लक्षणेही ओळखून ठेवावीत. एका बाजूला ज्योत आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर छिद्रे बुजली आहेत. ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलली जाते आणि सूं सूं आवाज करते, तर हवेचे वा दाबाचे प्रमाण बिघडले आहे, कारागिराला दाखवावे. फट्‌ असा आवाज होऊन ज्योत बर्नरच्या आत शिरली व खाली जळू लागली, तर ताबडतोब बटण बंद करावे, कारागिराने पाहिल्याखेरीज पेटवू नये. भाताचे खारट पाणी उतू गेल्यावर क्षणभर ज्योत पिवळी होते ती मात्र मिठामुळे, तिला घाबरू नये.

रविवारची साफसफाई

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हे काम महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी करावे. पाऊण तास लागतो.

१. प्रथम रेग्युलेटर बंद करावा. शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी. खिडकी उघडावी. घरात मेणबत्ती, अगरबत्ती जळत असेल तर ती विझवावी. लहान मुलांना दूर ठेवावे.

२. भांडे ठेवण्याची स्टँडे, खालच्या ताटल्या आणि बर्नर उचलून घ्यावेत. कोणता बर्नर कोणत्या जागेचा हे लक्षात ठेवावे. लहान-मोठे बदलले की ज्योत बिघडते.

३. बर्नर गरम पाण्यात भांडी घासण्याचा साबण घालून अर्धा तास भिजत ठेवावेत. पितळी बर्नर काळे पडले असतील तर चिंच किंवा लिंबू लावून चोळावेत. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना धुण्याचा सोडा लावू नये, ते काळे पडतात आणि झिजतात.

४. जुन्या टूथब्रशने बर्नर घासावा. बुजलेले प्रत्येक छिद्र बारीक पिनेने हलकेच मोकळे करावे. मळ काढावयाचा आहे, भोक वाढवावयाचे नाही. उजेडापुढे धरून पाहिले की कोणते छिद्र बंद आहे ते कळते.

५. स्वच्छ पाण्याने धुऊन, झटकून बर्नर वर्तमानपत्रावर उलटे ठेवून उन्हात पूर्ण वाळवावेत. ओला बर्नर लावला की ज्योत फडफडते आणि विझते.

६. शेगडीचे अंग पिळलेल्या फडक्याने पुसावे. वरून पाणी ओतू नये. बर्नरच्या जागेत आणि बटणांत पाणी गेले तर नवे दुखणे सुरू होते. काचेची शेगडी असेल तर ती गरम असताना ओले फडके लावू नये, काच तडकते.

७. शेगडीखालची जागा पुसून घ्यावी. झुरळांचा आणि उंदरांचा वावर तेथेच असतो. नळकांड्याचे तोंड दिसत असेल तर कोरड्या मऊ ब्रशने बाहेरूनच धूळ झटकावी.

८. सर्व भाग जागेवर बसवावेत. बर्नर हलता कामा नये. रेग्युलेटर चालू करून, शेगडीची बटणे बंद ठेवून, नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरच्या जोडाला साबणाचा फेस लावावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. अशा वेळी रेग्युलेटर बंद करून कारागिराला बोलवावे. काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार काही घरांत अजूनही चालतो. त्याने गळती सापडेल, पण शोधणारा वाचेल याचा भरवसा नाही.

९. फेसाची पाहणी झाल्यावर जोड पुसून शेगडी पेटवावी. आधी पेटती काडी वा लायटर बर्नरजवळ न्यावा, मग बटण फिरवावे. ज्योत निळी आली म्हणजे काम फत्ते!

कोठे हात घालू नये

स्टोव्हच्या निपलमध्ये पिन घालण्याची आपली जुनी सवय गॅसच्या जेटला लावू नये. जेट काढणे, साफ करणे, बदलणे हे कारागिराचे काम आहे. बटण घट्ट फिरू लागले की आपण खोबरेल तेल सोडतो. तेही चूक. त्या कॉकला विशेष प्रकारचे ग्रीस लागते. तेलाने थोडे दिवस बरे वाटते, नंतर धूळ चिकटते आणि गळतीला वाट मिळते. रेग्युलेटर कधीही उघडू नये, सिलिंडरच्या तोंडातील पिन टोचून पाहू नये.

कारागीर कोण बोलवावा? दारावर हाळी देणारा नव्हे. आपल्या गॅस एजन्सीकडे नोंद करून येणारा, ओळखपत्र दाखवणारा कारागीर बोलवावा. त्याने काय केले आणि कोणता भाग बदलला ते लिहून घ्यावे, पावती घ्यावी. पावती मागताना संकोच करू नये. पैसा आपल्या घामाचा आहे.

एक गोष्ट शहर आणि गाव दोन्हीकडे घर असणाऱ्यांसाठी. मुंबई, पुण्याच्या बऱ्याच भागांत आता पाइपचा गॅस आहे. तो मुख्यतः मिथेन. तो सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी दाबाने येतो आणि त्याच्या शेगडीचा जेट मोठा असतो. पाइपवर चालणारी शेगडी गावी नेऊन तशीच सिलिंडरला जोडली तर भलताच गॅस बाहेर येईल. जेट बदलल्याशिवाय अशी अदलाबदल करू नये. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गावाकडील पुष्कळ घरांत प्रथमच गॅस आला. आपल्या मावशी, आत्या, वहिनी यांना शेगडी मिळाली, पण ती सांभाळावी कशी हे प्रत्येकीला कुणी नीट बसून सांगितले असेलच असे नाही. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्यांची नळीही पाहून या.

नळी, रेग्युलेटर, सिलिंडर

नळी आयएसआय चिन्हाची, आत तारेचे वेटोळे असलेली "सुरक्षा" नळीच घ्यावी. तिचे आयुष्य ५ वर्षे धरावे. त्याआधी तडा, कुरतड वा फुगवटा दिसला तर त्याच दिवशी बदलावी. नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, दोन तुकडे जोडून वाढवू नये. काही भगिनी नळीला कापडी खोळ शिवतात. दिसायला छान, पण तडा झाकला जातो. खोळ काढून टाकावी.

सिलिंडर नेहमी उभा आणि मोकळ्या हवेत असावा. शेगडी त्याच्यापेक्षा उंच जागी असावी. दाराच्या बंद कपाटात, खड्ड्यात तो ठेवू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागी साचतो. खाली अंथरूण टाकून निजणाऱ्या आपल्या घरांत ही गोष्ट किती मोलाची आहे, ते सांगावयास नको. म्हणून रात्री निजण्यापूर्वी शेगडीचे बटण तर बंद करावेच, पण रेग्युलेटरही बंद करावा. आमच्या घरी त्या रात्री तो बंद असता, तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती.

नवा सिलिंडर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, तोंडावरील सील. दोन, वजन. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचे वजन येते. लिहिलेले वजन १५.३ किलो असेल तर काट्यावर २९.५ किलो भरावे. सिलिंडर आणणाऱ्या भावाकडे वजन करून मागावे, तो आपला हक्क आहे. मात्र तो चार जिने चढून आलेला असतो, तेव्हा आधी पाणी विचारावे आणि मग वजन! तीन, तपासणीची मुदत. वरच्या कड्याखालच्या एका पट्टीवर आतून अक्षर आणि साल लिहिलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. बी-२८ लिहिले असेल तर २०२८ च्या जूनअखेर त्याची मुदत संपते. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये.

जोडणी नावावर नाही म्हणून बाजारातून भलताच लहान सिलिंडर आणून तो चोरून भरून घेणारे आपल्यातही आहेत. विशेषतः खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आणि बिगारीवर जाणारे भाऊ. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की ५ किलोचा अधिकृत सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळू शकतो. दोन पैसे जास्त जातील, पण जीव धोक्यात राहणार नाही.

वास आला तर

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो वास म्हणजे घराला दिलेली हाक आहे. ती ऐकताच रेग्युलेटर बंद करावा. कोणतेही विजेचे बटण लावू नये आणि चालू असलेले बंदही करू नये, ठिणगी दोन्ही वेळा उडते. हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला तरी भडका उडायला पुरतो. दारे-खिडक्या उघडाव्यात. सगळ्यांनी बाहेर पडावे. मोबाइल घरात वापरू नये, लांब जाऊन १९०६ वर फोन करावा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. शेजाऱ्यांना सांगावे. चाळीत एका खोलीचा गॅस ही एका खोलीची गोष्ट राहत नाही.

जमाखर्च

आम्ही पडलो कारकून, तेव्हा शेवटी हिशेब देणे आलेच. सिलिंडर लावल्याची तारीख आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलांची आई लिहून ठेवते. ती जुनी पाने आम्ही काढून पाहिली. आधी आमचा सिलिंडर साधारण ४० दिवस पुरत असे. जेट कोरून घेतल्यानंतर तो ३२ दिवसांवर आला. म्हणजे वर्षाला जेथे ९ सिलिंडर लागत तेथे ११ लागू लागले. दोन सिलिंडरचे पैसे आपल्या भागातील भावाने ज्याने त्याने मांडावेत. जेट बदलला, बर्नर धुतले, त्यानंतरचा सिलिंडर ३९ दिवस गेला. सगळा पुरावा कॅलेंडरवर होता. पाहणारा नव्हता.

त्यात भांडी घासण्याचा रोजचा अर्धा तास धरा. महिन्याचे पंधरा तास झाले. ते कोणाचे होते? आम्ही वर्षभर वाचवू शकलो असतो असे ते तास आमच्या आळसापायी एका बाईच्या हातांतून गेले. त्याची पावती कोणत्याही वहीत नाही.

म्हणून मागच्या महिन्यात विहाराच्या सभागृहात आम्ही ही बैठक घेतली. एजन्सीच्या कारागिराला बोलावले, एक जुनी शेगडी मध्ये ठेवली आणि प्रत्येक भाग उघडून दाखवला. बायका बावीस आल्या, पुरुष तिघे. एका आजींनी विचारले, "बाबांनो, आम्हाला हे सगळे कळले. पण नळी बदलायला पैसे ज्याच्या खिशात आहेत, तो कुठे आहे?" सभागृहात हशा पिकला. आम्ही तिघे मात्र हसलो नाही.

आजींच्या त्या प्रश्नासाठीच हा लेख आहे. स्वयंपाक कोण करते हा प्रश्न बाजूला ठेवला तरी शेगडीची काळजी हे एकट्या बाईचे काम नाही. गॅसचे पुस्तक ज्याच्या नावावर आहे, त्याने येत्या रविवारी स्वतः बर्नर धुवावेत. मुलांना जवळ बसवून छिद्रे मोजायला लावावीत. नळीची तारीख कॅलेंडरवर लिहावी. १९०६ हा आकडा ओट्याजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा.

आणि ज्या दिवशी घरातील माणूस म्हणेल की ज्योत पिवळी दिसते, त्या दिवशी "बघू" म्हणू नये. उठून पाहावे.